वाचकांचे प्रश्न : पंगस-मागूरला कंपनीचं खाद्य परवडतं की घरी केलेलं?

या वेळी आलेल्या पत्रांमधली निम्म्याहून जास्त पत्रं खाद्यावरच आहेत, आणि ते साहजिक आहे, कारण पंगस काय मागूर काय, दोन्ही बिनखवल्याचे मासे (कॅटफिश), एकूण खर्चातले साठ-सत्तर टक्के पैसे खाद्यातच जातात. बीज (माशांची पिल्लं), पन्नी (तळ्यात अंथरायचा प्लास्टिकचा कागद), मजुरी, वीज हे सगळं मिळून उरलेल्यात बसतं. म्हणून सगळा अंक खाद्यालाच दिलाय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं न घालता फक्त गावं ठेवलीत.

प्रश्न (इंदापूर, जि. पुणे) : माझं वीस गुंठ्यांचं शेततळं आहे, पंगसची ६००० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडलीय. कंपनीची ३५ किलोची बॅग १७५० ला पडते. शेजारचे पाटील म्हणतात शेंगदाणा पेंड आणि तांदळाचा कोंडा निम्मा-निम्मा करा, तेहतीस रुपयांत किलो पडतं आणि प्रोटीनही तेवढंच भरतं. मग मी पन्नास रुपये कशाला मोजू?

उत्तर : दादा, पाटलांचा हिशोब कागदावर बरोबर आहे. शेंगदाणा पेंडीत ४२ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं, कोंड्यात १२, निम्मं-निम्मं केलं की २७ येतं आणि तुमच्या बॅगवर २८ लिहिलेलं असतं. फरक दिसतच नाही. पण मासा टक्केवारी खात नाही. शेंगदाणा पेंडीत लायसिन आणि मिथिओनिन ही दोन अमिनो आम्लं (प्रोटीनचे घटक) कमी पडतात आणि ती कमी पडली की बाकीचं प्रोटीन शरीरात बसत नाही, ते मोडून अमोनिया होऊन पाण्यात येतं. म्हणजे पैसे तुम्ही प्रोटीनचे दिले आणि तयार झाला तळ्यातला अमोनिया.

दुसरी गोष्ट, पेंड-कोंड्याचे गोळे पाण्यात पडले की पाच मिनिटांत विरघळायला लागतात. पंगस वर येऊन खाणारा मासा आहे, त्याला तरंगत्या दाण्याची सवय लागलेली असते, तो जेवढं पटकन उचलेल तेवढं उचलतो आणि बाकी तळाशी गाळात. तरंगत्या दाण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच की तुम्हाला दिसतं, पंधरा-वीस मिनिटांत संपलं की नाही, नाही संपलं तर उद्या कमी टाका. बुडणाऱ्यात तुम्ही आंधळे.

आता हिशोब किलो खाद्याचा नको, किलो माशाचा करू. यासाठी एफसीआर बघायचा, म्हणजे एक किलो मासा वाढायला किती किलो खाद्य लागलं. चांगल्या तरंगत्या खाद्यावर पंगसचा एफसीआर दीडच्या आतबाहेर येतो, घरच्या बुडणाऱ्या मिश्रणावर दोन ते तीनपर्यंत जातो. तुमच्याकडे कंपनीचा १.४ धरू. पन्नास गुणिले १.४, म्हणजे ७० रुपयांचं खाद्य एका किलो माशाला. घरचं तेहतीसचं, त्यात दळण, वीज, मजुरी, उडालेली पूड धरून पस्तीस करा, एफसीआर जरा उदार होऊन २.२ धरा, ७७ रुपये झाले. ६००० पैकी ५४०० जगले आणि सरासरी ८०० ग्रॅमचे झाले तर माल ४३२० किलो. किलोमागे सात रुपये म्हणजे तीस हजारांच्या वर तुम्हीच जास्त खर्च केले, आणि तेही स्वस्त खाद्य वापरून.

पैशापेक्षा मला वजनाची काळजी जास्त वाटते. कंपनीचं खाद्य सहा टनांच्या आसपास लागेल, घरचं साडेनऊ टन. हे जे जादाचे साडेतीन टन आहेत ते कुठे जाणार? तळ्यातच. पन्नीच्या तळ्यात तर जमीनही शोषून घेत नाही. पाणी हिरवंगार होतं, पहाटे ऑक्सिजन खाली येतो, मासे खाणं सोडतात आणि निळं-हिरवं शेवाळ माजलं की मांसाला मातकट वास लागतो, मग व्यापारी भाव पाडतो ते वेगळंच. आणि एक साधी गोष्ट बघा, साडेनऊ टन सात महिन्यांत म्हणजे रोजचं पंचेचाळीस किलो. रोज पंचेचाळीस किलो मळायचं, पाडायचं, वाळवायचं, तेही जुलैच्या पावसात. करणार कोण?

म्हणून तुमच्यासाठी माझं स्पष्ट मत, या बॅचला कंपनीचंच चालू ठेवा. पाटलांचं मिश्रण करूनच बघायचं असेल तर सगळ्या तळ्यावर नको, तळ्यातच एक मोठा हापा, म्हणजे जाळीचा पिंजरा, बांधा, शंभर मासे मोजून वजन करून सोडा, त्यांना महिनाभर घरचं द्या आणि पुन्हा वजन करा. तुमचा आकडा तुमच्याच तळ्यातून येऊ दे. हिशोबाची ओळ लक्षात ठेवा : कंपनीच्या खाद्यावर किलो माशाला जितके रुपये लागतात त्याला घरच्या खाद्याच्या भावाने भागा. ७० भागिले ३५, दोन. घरच्या खाद्याचा एफसीआर दोनच्या खाली आला तरच ते परवडलं, वर गेला तर नाही. भाव बदलले की पुन्हा भागाकार करा.

प्रश्न (नगर जिल्हा) : घरी करायचंच ठरवलं तर पंगससाठी चांगलं मिश्रण कोणतं?

उत्तर : शंभर किलोचं सांगतो. सोयाबीन पेंड २५, शेंगदाणा पेंड १५, सुकटाची पूड १०, तांदळाचा कोंडा ३२, मक्याचा भरडा १५, तेल १ आणि व्हिटॅमिन-मिनरल मिक्श्चर २ किलो. सुकटात ५० टक्के आणि सोयापेंडीत ४५ टक्के प्रोटीन धरलं तर एकूण पावणेअठ्ठावीसच्या आसपास बसतं. सोया आणि सुकट आल्यामुळे लायसिनची बाजू सावरते, म्हणून नुसत्या पेंड-कोंड्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता भाव. समजायला म्हणून सोयापेंड ४५, शेंगदाणा पेंड ४५, सुकट ७०, कोंडा २०, मका २२, तेल १३० आणि मिक्श्चर १०० रुपये किलो धरा, तर शंभर किलोचा नुसता माल ३८०० ला पडतो, म्हणजे ३८ रुपये किलो. करणावळ चार रुपये धरली की ४२. वरचाच भागाकार, ७० भागिले ४२, १.६७. म्हणजे चांगलं खाद्य केलं की ते महाग पडतं आणि मग त्याचा एफसीआर कंपनीच्या अगदी जवळ आणावा लागतो, जे बुडणाऱ्या दाण्यात अवघड. ज्याच्या घरचा मका आहे, ज्याची स्वतःची तेलघाणी आहे किंवा राईस मिल शेजारीच आहे त्याचं गणित वेगळं येतं, आणि घरच्या खाद्याचा खरा फायदा तिथेच आहे. सगळाच माल बाजारातून किरकोळीत आणून घरी खाद्य करायचं म्हणजे कंपनीशी तिच्याच मैदानात लढणं, ती शेकड्याने टन घेते, आपण पोत्याने घेतो.

मक्याचं एक सांगून ठेवतो, पंगसला पिवळा मका फार घालू नका. त्यातला पिवळा रंग मांसात उतरतो आणि पांढऱ्या मांसाला जो भाव मिळतो तो पिवळसर मांसाला मिळत नाही. विक्रीच्या आधीचे दोन महिने तर मक्याऐवजी तांदळाची कणी वापरा. आणि कोंडा-मका वाढवून प्रोटीन कमी केलं तर पोटात चरबी धरते, वजनकाट्यावर मासा छान दिसतो पण साफ केल्यावर हातात कमी येतं.

प्रश्न (भंडारा) : आमच्या संस्थेकडे मामा (माजी मालगुजारी) तलाव आहे आणि शेजारी दोन लहान टाक्या. टाक्यांत देशी मागूर करतोय. इकडे राईस मिलचा कोंडा भरपूर. तरंगतं खाद्य रात्री तसंच पडून राहतं, मासा वरच येत नाही. घरचं खाद्य चालेल का?

उत्तर : भाऊ, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण तुम्ही नीट बघितलंय. देशी मागूर तळाला राहणारा, अंधारात चरणारा मासा, त्याला बुडणारा दाणाच बरा पडतो. पंगसच्या बाबतीत जो घरच्या खाद्याचा तोटा होता तोच इथे फायदा होतो. शिवाय मागूरला प्रोटीन जास्त लागतं, ३० ते ३५ टक्के, आणि तेवढ्या प्रोटीनचं कंपनीचं खाद्य पंगसच्या खाद्यापेक्षा महाग असतं, तर घरच्या आणि विकतच्या भावात अंतरही जास्त मिळतं. माल थोडा असतो, रोज पाच-सात किलो खाद्य करणं दोन माणसांना जड नाही, आणि मागूरला भाव पंगसपेक्षा कितीतरी चांगला. तर तुमच्याकडे घरचंच करा असं मी म्हणेन.

मिश्रण असं, शंभर किलोला सोयापेंड ३०, सुकटाची पूड २०, शेंगदाणा पेंड १३, कोंडा २५, मका किंवा कणी ८, तेल २, मिक्श्चर २. प्रोटीन बत्तीस-तेहतीसच्या मधे येईल. कोंडा ताजाच घ्या, मिलमधून निघाल्यावर त्यातलं तेल लवकर खवट होतं, पंधरा दिवसांच्या वरचा नको. ज्यातलं तेल काढून घेतलंय तो कोंडा जास्त टिकतो, पण मग तेल थोडं वाढवा.

करायची पद्धत मन लावून सांगतो कारण निम्मं खाद्य इथेच वाया जातं. सगळा माल वेगवेगळा बारीक दळून चाळणीतून काढा, जाडसर राहिलं की दाणा फुटतो. कणीची किंवा भरड्याची आधी घट्ट पेज शिजवा, तीच खळ म्हणून धरून ठेवते, वेगळा बाइंडर विकत घ्यायची गरज नाही. त्या पेजेत बाकीचं पीठ मळा, दहा किलो कोरड्या मालाला पेजेतलं पाणी धरून तीन-साडेतीन लिटर पाणी पुरतं, मुठीत दाबलं की गोळा व्हावा आणि बोटांमधून पाणी गळू नये. मग वीस मिनिटं वाफवा. वाफेने स्टार्च चिकट होतो आणि पेंडीतली पचनाला आडवी येणारी द्रव्यं मरतात. थंड झाल्यावर, अगदी कोमट झाल्यावरच, व्हिटॅमिन मिक्श्चर थोड्या कोरड्या पिठात आधी कालवून मग सगळ्यात घाला. गरम असताना घातलं तर व्हिटॅमिन सी उडून जातं, आणि कॅटफिशला ते कमी पडलं तर कणा वाकतो, मासे वेडेवाकडे होतात, असे मासे बाजारात कोणी घेत नाही. मग शेवयांच्या मशीनमधून किंवा थोडं असेल तर सोऱ्यातून पाडा, सावलीत पंख्याखाली वाळवा, दाणा हाताने मोडला की कट्कन आवाज यायला हवा. तेल शेवटी वरून चोळा.

तपासायला काचेचा ग्लास घ्या, पाणी भरा, चार दाणे टाका आणि घड्याळ लावा. अर्धा तास अख्खे राहिले तर उत्तम, वीस मिनिटं तरी चालेल, दहा मिनिटांत पाणी गढूळ झालं तर ते खाद्य टाकीत घालू नका, पुन्हा पेज वाढवून करा.

टाकायची वेळ संध्याकाळची ठेवा, दिवसाच्या एकूण खाद्यातला मोठा वाटा अंधार पडताना. तळाशी ताट बांधून त्यातच टाका, सकाळी ताट वर ओढलं की किती उरलं ते कळतं. हे ताट म्हणजेच तुमचा डोळा.

प्रश्न (भिवंडी परिसर) : चिकनच्या दुकानातली आतडी फुकट मिळतात. काही लोक तीच मांगूरला घालतात आणि मासा चार महिन्यांत किलोचा होतो. यापुढे खाद्याचा खर्चच नाही. मग पेंडी-बिंडीच्या भानगडीत का पडायचं?

उत्तर : नाही. हे करू नका, आणि हे मी फार गंभीरपणे लिहितोय. तुम्ही ज्याला मांगूर म्हणताय, आतड्यांवर झपाट्याने वाढणारा, तो थाई मागूर आहे, मूळचा आफ्रिकेतला. त्याच्या पालनावर भारतात २००० सालापासून बंदी आहे आणि २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने असलेला साठा नष्ट करायचा आदेश दिला, त्यानंतर आपल्या राज्यात मत्स्यविभागाने तळी रिकामी करून मासे पुरलेत. हा मासा पुराच्या पाण्यातून नदीत सुटला की आपली देशी मासळी खाऊन टाकतो, आणि नदीवर पोट असलेल्या भोई-कोळी कुटुंबांच्या जाळ्यात मग काय येणार?

मासा कायदेशीर असला, म्हणजे पंगस किंवा देशी मागूर असला, तरी कच्ची आतडी नकोच. त्यातून साल्मोनेलासारखे जंतू तळ्यात येतात, पाणी सडतं, आजूबाजूच्या विहिरींना वास येतो, गाव तक्रार करतं आणि तळं बंद होतं. कोंबड्यांना दिलेल्या औषधांचे अंश माशात येतात. फुकट खाद्याची किंमत पाण्याच्या पंपात, औषधात आणि मेलेल्या माशांत द्यावी लागते. प्राणिज प्रोटीन स्वस्तात हवं असेल तर सुकट घ्या, किंवा प्रक्रिया केलेलं, नीट शिजवून वाळवलेलं मील (पूड) पक्क्या बिलावर घ्या.

प्रश्न (लातूर) : आमच्याकडे घरचं सोयाबीन आहे, तेच दळून खाद्यात घातलं तर पेंड विकत आणायला नको. चालेल ना?

उत्तर : कच्चं अजिबात नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन रोखणारी द्रव्यं असतात, मासा खातो पण प्रोटीन पचत नाही, वाढ थांबते. नीट भाजून किंवा उकडून घ्या, मग दळा. अख्ख्या सोयाबीनमध्ये प्रोटीन ३८-४० टक्के आणि तेल १८-२० टक्के असतं, म्हणून वरच्या मिश्रणातलं वेगळं तेल काढून टाका आणि सोयाबीन पंधरा किलोच्या पुढे नेऊ नका, बाकी पेंडच ठेवा. सरकीची पेंडही तुमच्याकडे स्वस्त आहे पण तिच्यात गॉसिपॉल हे माशाला घातक द्रव्य असतं, ती जनावरांनाच द्या. आणि सोयाबीनचा भाव चढा असेल त्या वर्षी ते बाजारात विकून पेंड आणणंच शहाणपणाचं, घरचं आहे म्हणजे फुकट आहे असं धरू नका.

प्रश्न (चिपळूण) : पावसाळ्यात बॅगेला बुरशी येते. वरचा थर काढून खालचं वापरलं तर?

उत्तर : टाकून द्या. मन घट्ट करून टाकून द्या. बुरशी दिसते तेवढ्यातच नसते, तिचं विष पूर्ण बॅगेत उतरलेलं असू शकतं, आणि ते शिजवूनही जात नाही. शेंगदाणा पेंडीवर येणारं अफ्लाटॉक्सिन माशाचं लिव्हर खातं. मासे एकदम मरत नाहीत, खात राहतात पण वाढत नाहीत, म्हणून कारण लवकर सापडत नाही. पेंड घेताना हातात फोडून वास घ्या, कुबट आली तर कितीही स्वस्त असो, परत करा. बॅगा फळीवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब, आणि पावसाळ्यात तीन आठवड्यांच्या वरचा साठा करू नका. बॅगेवर तयार केल्याची तारीख बघूनच घ्या, डीलर जुना माल आधी खपवतात.

प्रश्न (कुडाळ) : आम्ही बचत गटाच्या बारा जणी आहोत. मासळी सुकवायचा धंदा आहेच. मत्स्यखाद्याची मशीन घ्यावी का? कोणती?

उत्तर : ताई, तुमच्या हातात सुकट आहे, ही मोठी जमेची बाजू, कारण खाद्यातल्या प्रोटीनच्या मालात किलोमागे सगळ्यात महाग तेच असतं. पण मशीनच्या आधी माल तपासून घ्या. मीठ लावून सुकवलेली मासळी खाद्याला नको, बिनमिठाचीच हवी आणि वाळूवर पसरलेली नको, ओट्यावर किंवा जाळीवर सुकवलेली. वाळू आली की प्रोटीन उतरतं आणि मशीनची डाय, म्हणजे दाणा पाडायची चकती, तीही झिजते. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे जाऊन नमुना कुठे तपासून मिळेल ते विचारा. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी नागपूर आणि उदगीरच्या मत्स्य महाविद्यालयांत चौकशी करावी.

मशीन दोन तऱ्हेच्या. साधी पेलेटची (दाबून दाणा पाडणारी) मशीन स्वस्त, घरगुती विजेवरही चालणारी मिळते, पण दाणा बुडतो. एक्सट्रूडर मात्र दाब आणि उष्णतेने स्टार्च फुलवतो म्हणून दाणा तरंगतो, त्याला थ्री-फेज लाईन लागते आणि चालवणारा माणूस शिकलेला लागतो. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत रोज दोन टनांच्या मिनी मिलचा प्रकल्प खर्च ३० लाख धरलाय, महिलांना त्यावर ६० टक्के म्हणजे १८ लाखांपर्यंत अनुदान बसतं, बाकी १२ लाख तुमचे किंवा बँकेचे. या वर्षी अर्ज घेतायत का ते जिल्हा मत्स्य कार्यालयातच विचारा, एजंटला नाही.

पण आकडा ऐकून हुरळून जाऊ नका हं. रोज दोन टन म्हणजे रोज पाचशे किलो सोयापेंड घाटावरून आली पाहिजे आणि रोज दोन टन खाद्य विकलंही गेलं पाहिजे. सिंधुदुर्गात तुमच्या आसपास किती तळी आहेत, त्यांना महिन्याला किती लागतं, ते कुठून घेतात, उधारी किती दिवसांची चालते, हे आधी वहीत उतरवून काढा. मला विचाराल तर पहिलं वर्ष साधी पेलेट मशीन घ्या, गोड्या पाण्यातले रोहू-कटला करणारे आणि देशी मागूरवाले यांना बुडणारं खाद्य द्या, आणि शिवाय वाळूविरहित, तपासलेली सुकटाची पूड खाद्य करणाऱ्यांना विका. ती पूड हाच तुमचा पक्का धंदा होईल असं मला वाटतं. गिऱ्हाईक बांधलं गेलं की एक्सट्रूडरचा प्रस्ताव टाका.

प्रश्न (यवतमाळ) : थंडीत पंगस खातच नाही, खाद्य बदलू का?

उत्तर : खाद्यात दोष नाही, पाणी गार झालंय. पाणी वीस अंशांच्या आसपास उतरलं की पंगस जवळजवळ खाणं थांबवतो. डिसेंबर-जानेवारीत दिवसातून एकदाच, दुपारी दोनच्या सुमाराला, ऊन्ह पाण्यावर असताना नेहमीच्या पाव भाग टाकून बघा, दहा मिनिटांत उचललं नाही तर त्या दिवशी बंद. या दिवसांत जाळं ओढून वजन करायच्याही फंदात पडू नका, गार पाण्यात खरचटलेल्या माशाला बुरशी लागते. तळ्याची पातळी जेवढी जास्त ठेवता येईल तेवढी ठेवा, खालचं पाणी जरा उबदार राहतं. आणि पुढच्या वर्षी बीज मार्चमध्ये सोडा, म्हणजे दिवाळीपर्यंत माल निघून जाईल.